तिकिटाची किंमत आणि शब्दाचे मोल

मनुष्याच्या नीतीची परीक्षा रणांगणावर किंवा राजसभेतच होते, असा आपला एक समज असतो. वस्तुतः गृहस्थाच्या आयुष्यात असे भव्य प्रसंग फारसे येत नाहीत. त्याची परीक्षा होते ती दुकानाच्या फळीवर, घरभाड्याच्या पावतीवर, आणि कधी कधी खेळाच्या एखाद्या तिकिटावरही. विषय क्षुल्लक दिसतो म्हणून प्रश्न क्षुल्लक ठरत नाही. उलट क्षुल्लक विषयातच मन बेसावध असल्यामुळे त्याचे खरे रूप प्रकट होते. अशाच एका प्रश्नाचा विचार आज वाचकांसमोर ठेवावयाचा आहे.

कलकत्त्याच्या उत्तर भागात, गंगेच्या काठाला लागून बागबाजार ही जुनी वस्ती आहे. सारदादेवींचे वास्तव्य येथेच होते. भगिनी निवेदितांनी आपली कन्याशाळा १८९८ साली येथेच काढली. आणि १ मे १८९७ रोजी बलराम बसू यांच्या येथील घरीच रामकृष्ण मिशनची स्थापना झाली. याच वस्तीत आमच्या परिचयाचे एक मराठी कुटुंब भाड्याने राहते. गृहस्थ मूळचे सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचे. त्या भागातील असंख्य तरुण सोनेचांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या देशभर गेले आहेत. हेही त्यांपैकीच एक. स्वतःचे दुकान नाही, दुसऱ्याच्या भट्टीवर नोकरी आहे. घरी वृद्ध आई, पत्नी आणि बारा वर्षांचा एक मुलगा.

२०२३ साली विश्वचषकाचे क्रिकेट सामने भारतात झाले. त्यांपैकी भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका हा सामना रविवार, दिनांक ५ नोव्हेंबर रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर व्हावयाचा होता. मोबाइलवर कित्येक तास वाट पाहून या गृहस्थांना प्रत्येकी रु. ९०० ची दोन तिकिटे मिळाली, आणि त्यांनी त्याच रात्री मुलाला शब्द दिला की आपण दोघे सामना पाहावयास जाऊ.

पुढे काय झाले ते क्रिकेटच्या चाहत्यांना ठाऊक आहेच. एकदिवसीय सामन्यांतील ४९ शतकांचा सचिन तेंडुलकरांचा विक्रम विराट कोहलींच्या आवाक्यात आला. त्यांची ४८ शतके झाली होती. २२ ऑक्टोबरला ते ९५ धावांवर बाद झाले आणि २ नोव्हेंबरला मुंबईत वानखेडेवर ८८ धावांवर. राहता राहिला ईडनचा सामना, आणि त्याच दिवशी त्यांचा पस्तिसावा वाढदिवस. सारे शहर वेडे झाले. तिकिटांचा काळा बाजार एवढा माजला की पोलिसांना अनेकांना अटक करावी लागली. अशा वेळी या गृहस्थांच्या ओळखीचा एक मनुष्य त्यांच्याकडे आला आणि दोन्ही तिकिटांचे मिळून चौदा हजार रुपये रोख देतो, असे म्हणाला.

येथे हे सांगणे अवश्य आहे की, त्यांना पैशाची निकड नव्हती असे नाही. आईच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. शस्त्रक्रियेसाठी पैसे साठवणे चालू होते आणि त्यात साधारण बारा हजार कमी पडत होते. म्हणजे लोभाने आंधळा झालेला मनुष्य आणि त्याच्यापुढे मोहाची थैली, असे हे सोपे चित्र नव्हते. एका बाजूस आईचे डोळे होते, दुसऱ्या बाजूस मुलाला दिलेला शब्द होता, आणि मध्ये एक असा व्यवहार होता जो मनाला पटत नव्हता पण नाकारताही येत नव्हता. दोन रात्री त्यांना नीट झोप लागली नाही. त्यांनी आम्हाला विचारले, ‘‘मी हे पैसे घेतले तर यात पाप कोणाचे आणि कसले? देणारा खुशीने देतो, घेणारा खुशीने घेतो. मग मन का खाते?’’

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे शोधले पाहिजे. ‘काळा बाजार वाईट’ असे तोंडपाठ वाक्य फेकून तो मिटणार नाही.

प्रथम असे पाहू की, तिकीट ही वस्तू तरी कोणती? तांदूळ, कापड किंवा सोने यांसारखी ती वस्तू नव्हे. ती एक अनुज्ञा आहे: ‘अमुक दिवशी, अमुक जागी बसून तू हा खेळ पाहा.’ जागा साठ-पासष्ट हजार आणि इच्छुक कित्येक लाख, अशी स्थिती असता तिचा दर नऊशेच ठेवलेला असतो, तो बेताच्या मिळकतीच्या माणसालाही कधीतरी आत जाता यावे म्हणून. आता चौदा हजारांतून अठराशे वजा केले तर बारा हजार दोनशे उरतात. हे कोणी निर्माण केले? त्या गृहस्थांच्या श्रमाने नव्हे, कौशल्यानेही नव्हे. ते निर्माण झाले दुसऱ्यांच्या तळमळीतून. ज्याला तिकीट मिळाले नाही त्याची हळहळ हेच त्या नफ्याचे भांडवल होय.

कोणी म्हणेल, जमिनीचा भाव वाढतो, सोन्याचा वाढतो, तेथे तरी आपले श्रम कोठे असतात? तो नफा आपण बिनदिक्कत घेतो. मग येथेच सोवळे का? आक्षेप योग्य आहे. परंतु दोहोंत एक भेद आहे. सोने घेताना ‘हे मी विकणार नाही’ असा कोणताही करार नसतो. तिकीट मात्र पाहण्यासाठीच दिलेले असते, आणि एका माणसाला ठराविकच तिकिटे मिळतात ती अधिकांत अधिक लोकांना पाहता यावे म्हणूनच. जो मनुष्य पुढे विकण्याच्या हेतूनेच रांगेत उभा राहतो, तो रांगेत शिरतानाच असत्य बोललेला असतो. तोंडाने नव्हे, पायांनी.

हे अधिक स्पष्ट व्हावे म्हणून पंढरीचे उदाहरण घेऊ. आषाढीच्या वेळी दर्शनबारीत लोक कित्येक तास तिष्ठत उभे असतात. समजा, एक मनुष्य असा बारा तास उभा राहिला आणि मंदिराच्या दाराशी आल्यावर आपली जागा एका धनिकाला मोठी रक्कम घेऊन देता झाला. तोही म्हणू शकेल की, मी बारा तास उन्हापावसात उभा राहिलो, त्याची ही मजुरी. देणाराही खुशीने देतो. तथापि आपणा सर्वांना ते खटकते. का? कारण त्या व्यवहारात दोघेच नसतात. मागे उभे असलेले हजारो त्यात असतात, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. क्रिकेटचा खेळ म्हणजे विठ्ठलाचे दर्शन नव्हे, हे उघड आहे. परंतु रांगेचा न्याय दोन्हीकडे एकच. रांग ही समाजाने केलेली एक मूक प्रतिज्ञा आहे की, येथे तरी धनाच्या जोरावर कोणी पुढे जाणार नाही. ती मोडणारा एकट्या खरेदीदाराशी व्यवहार करीत नाही; तो सर्वांच्या विश्वासाचा तुकडा विकतो.

आणि हा विश्वास ढासळला म्हणजे काय होते, हे याच ईडन गार्डन्सने अनुभवले आहे. १ जानेवारी १९६७ रोजी वेस्ट इंडिजविरुद्धच्या कसोटी सामन्यात जागांपेक्षा अधिक तिकिटे खपली. पैसे मोजून आलेल्यांना बसण्यास जागा मिळेना. त्यातून दंगल उसळली, जाळपोळ झाली आणि त्या दिवसाचा खेळ होऊ शकला नाही. पुढे डिसेंबर १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्याच्या वेळी तिकिटांसाठी जमलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन सहा माणसे प्राणास मुकली. एका गृहस्थाने दोन तिकिटे विकल्याने असे अनर्थ घडतात, असे आमचे म्हणणे नाही. परंतु तिकीट म्हणजे केवळ कागद नव्हे, त्यामागे माणसांची गर्दी आणि त्या गर्दीचा भरवसा उभा असतो, एवढे यावरून कळावे.

तरीही येथे एक न्याय्य भेद केला पाहिजे. ज्याने पाहण्याच्या हेतूनेच तिकीट घेतले आणि पुढे आजारपण, प्रवास किंवा अन्य अडचण यांमुळे ज्याला जाता येत नाही, त्याने ते खर्चाच्या किमतीत दुसऱ्या कोणास दिले तर त्यात दोष कसला? तो रांगेतून बाजूला झाला आणि आपली जागा दुसऱ्यास देता झाला, इतकेच. दोष शिरतो तो दराच्या फरकात, आणि त्याहूनही हेतूच्या पालटात. आमच्या गृहस्थांचा हेतू पहिल्या दिवशी शुद्ध होता. थैली दिसल्यावर तो डगमगू लागला. मनुष्याची खरी जोखीम ती हीच. गीतेच्या सोळाव्या अध्यायात काम, क्रोध आणि लोभ यांना नरकाची तीन द्वारे म्हटले आहे. त्यांतील लोभाचे वैशिष्ट्य असे की, तो बहुधा कर्तव्याचे वस्त्र पांघरून येतो. ‘माझ्यासाठी नव्हे, आईसाठी’ असे तो म्हणतो, आणि दोन रात्री आपली झोप उडवितो.

आता दुसऱ्या पारड्याकडे वळू. तिकीट विकू नये हे ठरले, तरी ‘इतिहास घडताना मी तेथे असावे’ या इच्छेचे काय? तीही लोभाचीच एक जात नव्हे काय? असू शकते. ‘मी तेथे होतो’ या वाक्यात पुष्कळदा ‘तेथे’पेक्षा ‘मी’वरच जोर असतो. शिवाय इतिहास आगाऊ तिकीट काढून पाहता येत नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये सचिन तेंडुलकरांचा १९९ वा कसोटी सामना ईडनवर झाला. सारे त्यांच्या शतकाच्या आशेने आले. ते दहा धावांवर बाद झाले. कसोटीत प्रथमच उतरलेल्या रोहित शर्मा यांनी मात्र १७७ धावा केल्या. सामना तीनच दिवसांत आटोपला आणि चौथ्या-पाचव्या दिवसांची आस धरलेले हात हलवीत राहिले.

याच्या उलट अनुभव आमच्या गृहस्थांच्या वृद्ध बंगाली घरमालकांचा. मार्च २००१ मधील ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीचे त्यांच्यापाशी पाचही दिवसांचे तिकीट होते. दुसऱ्या दिवसाअखेर भारताची अवस्था ८ बाद १२८ अशी झाली. पराभव दिसत होता. त्या संध्याकाळी त्यांनी उरलेल्या तीन दिवसांसाठी आपले तिकीट गल्लीतील एका विद्यार्थ्याला हिशेबाने जे होईल तेवढेच पैसे घेऊन देऊन टाकले. पुढे भारताला फॉलोऑन मिळाला. लक्ष्मण २८१ आणि द्रविड १८० धावांपर्यंत पोहोचले. चौथ्या दिवशी तर दिवसभरात एकही गडी पडला नाही. आणि पाचव्या दिवशी भारताने तो सामना १७१ धावांनी जिंकला. दोन सर्वांत वाईट दिवस पाहून सर्वांत उत्तम तीन दिवस देऊन टाकणारा मनुष्य म्हणून ते गल्लीत आजही ओळखले जातात.

या वृद्ध गृहस्थांना आमच्या मित्रांनी आपली अडचण सांगितली. ते हसले आणि म्हणाले, ‘‘त्यात माझा त्याग काही नव्हता हो. त्या संध्याकाळी त्या तिकिटाला कोणी अधिक देतही नव्हते. मी वाजवी तेवढे घेतले, इतकेच. पण तो मुलगा आता चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे आणि दर विजयादशमीनंतर मला प्रणाम करायला येतो. बावीस वर्षे झाली. त्याची अडवणूक करून मी चार पैसे जास्त घेतले असते, तर हिशेब त्याच दिवशी पुरा झाला असता.’’

या साध्या बोलण्यात मोठा अर्थ आहे. वाजवी किमतीत दिलेल्या वस्तूबरोबर काहीतरी शिल्लक राहते, आणि ते शिल्लक राहिलेले म्हणजे माणसामाणसांतील नाते. जेथे शेवटचा पैसा पिळून घेतला जातो तेथे काहीच शिल्लक उरत नाही. देणारा आणि घेणारा परस्परांना पाठ फिरवून मोकळे होतात. सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगताना परतफेडीच्या अपेक्षेवाचून दिलेल्यास जे श्रेष्ठत्व दिले आहे, त्याची एक पुसटशी छाया बाजारातील या प्रामाणिक व्यवहारावरही पडलेली असते.

बागबाजारच्या भूमीला आणखीही एक स्मरण आहे. नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांच्या भीतीने १७४२ साली कलकत्तेकरांनी शहराभोवती एक खंदक खणण्यास घेतला. तो पुरा झाला नाही आणि ते स्वार कलकत्त्यापर्यंत आलेही नाहीत. पुढे खंदक बुजवून त्यावर रस्ता झाला. परंतु बागबाजारात मराठा डिच लेन हे नाव आजही टिकून आहे, आणि बंगाली माता अजून मुलांना बर्गींचे नाव घेऊन निजवितात. आमचे मित्र खेदाने म्हणाले, ‘‘आमच्या पोराला शाळेत मुले थट्टेने बर्गी म्हणतात. त्यांच्यापैकीच कोणाच्या बापाकडून मी आठपट घेतले, तर ती थट्टा राहील का?’’ पूर्वजांचे हिशेब इतिहासकारांनी करावेत. परप्रांतात नांदणाऱ्या प्रत्येक गृहस्थाने मात्र एवढे ध्यानी धरावे की, शेजाऱ्यांच्या मनातला खंदक तो रोज थोडा बुजवीत असतो किंवा रोज थोडा खणीत असतो.

अखेर निर्णय दिला तो त्या अल्पशिक्षित आईने. मुलाची तगमग तिच्या लक्षात आली होती. ती म्हणाली, ‘‘पोराला कबूल केलंस ना? मग माझ्या डोळ्यांचं निमित्त करू नकोस. मला दिवाळीनंतर दिसलं तरी चालेल. पण बाप शब्द मोडतो, हे त्याला आज दिसायला नको.’’

डॉक्टरांना विचारता, महिना-दीड महिना थांबण्यास हरकत नाही असे कळले. मग बापलेक सामना पाहावयास गेले. त्या दिवशी कोहली १०१ धावांवर नाबाद राहिले आणि विक्रमाची बरोबरी झाली. भारताच्या ५ बाद ३२६ धावांसमोर दक्षिण आफ्रिकेचा डाव ८३ धावांत आटोपला. जडेजांनी पाच बळी घेतले. मुलगा सचिनचा भक्त, म्हणून विक्रमाची बरोबरी होताच क्षणभर हिरमुसला आणि दुसऱ्याच क्षणी सर्वांबरोबर उभा राहून टाळ्या वाजवू लागला. बापाच्या मते सामन्यातील सर्वांत पाहण्याजोगी गोष्ट तीच होती.

परंतु कोहली त्या दिवशी शून्यावर बाद झाले असते, तर निर्णय चुकला असता काय? मुळीच नाही. हे विसरले तर सारा विचार व्यर्थ जाईल. फळ गोड निघाले म्हणून कर्म योग्य ठरत नाही. शब्द पाळणे योग्य होते. खेळ कसा होतो हे ईश्वराधीन होते. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १९ नोव्हेंबरला, अहमदाबादच्या अंतिम सामन्यात लाखभर लोक इतिहास पाहण्यास गेले आणि पराभव पाहून परतले. त्यांचेही जाणे व्यर्थ नव्हते, जर ते खेळ पाहण्यास गेले असतील. केवळ विजय पाहण्यास गेलेल्यांचेच तिकीट वाया गेले.

खेळाची गोडी हीदेखील काही हीन गोष्ट नाही. स्वामी विवेकानंदांनी तरुणांना फुटबॉल आणि गीता यांविषयी जे सांगितले ते सर्वश्रुत आहे. दुर्बळ शरीराने उपनिषदांचे आकलन होत नाही, हा त्यांचा आशय होता. आणि याच उत्तर कलकत्त्यात १८८९ साली जन्मलेल्या मोहनबागानने २९ जुलै १९११ रोजी ईस्ट यॉर्कशायर पलटणीला २–१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते. तेव्हाही तिकिटे मूळ दराच्या कित्येक पटींनी विकली गेली, अशी नोंद आहे. परंतु मैदानावर लोटलेल्या हजारोंपैकी बहुतेकांना खेळ दिसलाच नाही. आकाशात चढविलेल्या पतंगांवरून त्यांना गोल कळत होते. वर पाहत उभ्या असलेल्या त्या माणसांचा आनंद तिकीटवाल्यांहून उणा होता, असे कोण म्हणेल?

आता या निर्णयाची किंमतही लिहून ठेवली पाहिजे. ती झाकून ठेवणे म्हणजे नीतीला स्वस्त करणे होय. आईची शस्त्रक्रिया डिसेंबरच्या मध्यास झाली. तोवरची दिवाळी तिने धूसर पणत्यांत पाहिली. मुलाने त्या सुटीत रोज संध्याकाळी तिला हात धरून गंगेच्या घाटावर नेले. बारा हजार रुपये त्या गृहस्थांना भट्टीवर जादा काम करून आणि मालकाकडून उचल घेऊन उभे करावे लागले. ते भार त्यांनी सोसले.

वाचक विचारतील, डॉक्टरांनी ‘थांबता येणार नाही’ असे सांगितले असते तर? तर सामना सोडावा, मुलाला जवळ बसवून कारण सांगावे, तिकिटे खर्चाच्या किमतीत द्यावीत आणि उरलेल्या पैशासाठी आप्तांपुढे हात पसरावा. हात पसरण्यात लाज वाटते आणि चोरट्या नफ्यात वाटत नाही, हीच आपल्या काळाची विपरीत बुद्धी आहे. इतके करूनही ज्याला मार्ग सापडला नाही आणि ज्याने तिकीट चढ्या दराने विकले, त्याला आपण कठोरपणे दोष देऊ नये. पण त्याने स्वतः मात्र त्या कृत्याला योग्य म्हणू नये. अडचणीत झालेली चूक क्षम्य असते. तिला नियम करणे क्षम्य नसते.

गलाईच्या धंद्यात एक जुनी चाल आहे. गाळलेले सोने गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत तोलून द्यावयाचे, म्हणजे कोणाच्या मनात किंतु राहू नये. आमचे मित्र म्हणाले, ‘‘त्या चौदा हजारांचा तोल मला माझ्या पोराच्या डोळ्यांदेखत करता आला नसता. तेव्हाच मला उत्तर कळायला हवे होते. दोन रात्री उगाच जागलो.’’

उगाच जागले नाहीत. ज्या प्रश्नाने गृहस्थाची झोप उडते, तो प्रश्न त्याच्या घरात धर्म अद्याप जागा असल्याची खूण असते.